थ्रीबीचा मागचा ॲक्सल : कॅरियर बेअरिंग सुटलं एकदाचं

सुटलं! माझ्या थ्रीबी जीपच्या मागच्या ॲक्सलमधल्या कॅरियरची, म्हणजे क्राउन धरून फिरणाऱ्या केसची, दोन्ही बाजूंची बेअरिंग बाहेर आली, केसला ओरखडा नाही आणि खालच्या शिमसुद्धा (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) सरळ निघाल्या. मागची नोंद चिडून अर्धवट सोडली होती, म्हणून आज जरा सविस्तर.

उजळणी थोडक्यात. कुर्ल्याहून आणलेला क्राउन-पिनियनचा (मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं छोटं) सेट ४३-८ दातांचाच, म्हणजे ५.३८ रेशो, पण पिनियन किती आत बसवायचं ते सांगणारा आकडा त्याच्या तोंडावर कोरलेलाच नाही. दुकानदाराचं म्हणणं, "सगळे असेच बसवतात." बसवत असतील, आणि मग पन्नासच्या पुढे गेल्यावर मागचं रडगाणं ऐकत वांद्रे ते बोरिवली जात असतील. आकडा नाही म्हणजे जुन्या शिमवरून नव्या पिनियनच्या डेप्थचा हिशेब लागत नाही. मग दातांना रंग लावून पॅटर्न, म्हणजे ठसा, काढून बघायचं, पुन्हा खोलायचं, पुन्हा जोडायचं. आणि आपल्या डाना ४४ ॲक्सलमध्ये कॅरियरच्या शिम बसतात बेअरिंगच्या आतल्या रिंगखाली. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) दोन थाऊ (इंचाचे हजारांश) हलवायचा तरी बेअरिंग उपटा, शिम बदला, बेअरिंग परत चढवा.

ते उपटणंच जमत नव्हतं. केसला समोरासमोर दोन खाचा आहेत, पुलरचे पाय तिथूनच घालायचे. तीनपायी पुलर त्यामुळे आधीच बाद. दोनपायीचे पाय इतके जाड की रिंगच्या कडेखाली शिरत नाहीत, रोलरच्या पिंजऱ्याला धरतात. ऑनलाइन मागवलेल्या एकाचे पाय घासून पातळ केले, तर जोर येताच ते खेकड्याच्या नांग्यांसारखे फाकले. धारवाला सेपरेटर हा पुस्तकी उपाय. तो शिरतो खरा, पण धार आधी शिमच्या थरात घुसते आणि शिमची वाट लावते. मला तर त्याच शिम मायक्रोमीटरखाली हव्या होत्या. हाउसिंग आणि केस जुनंच आहे, तेव्हा सुरुवातीचा अंदाज त्यांच्यावरूनच घ्यायचा.

शेवटी भांडुपच्या गाळ्यातल्या टर्नरकाकांनी घासलेला पुलर हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "अरे, पाय चांगले आहेत. त्यांना बाहेरून बांध घाल की." एवढंच! दारुखान्यातून ईएन-८ पोलादाचा राउंड उचलला. काकांनी त्याचा बुश काढला, आतल्या कडेला खाचांत बसतील अशा दोन जिभा ठेवल्या, जाडी जेमतेम तीन मिलिमीटर, आणि बुश मधोमध कापून दोन अर्धुकं केली. अर्धुकं बेअरिंगभोवती बसवायची आणि वरून एक घट्ट रिंग सरकवायची. फाकायला जागाच उरत नाही. मध्ये मोठा बोल्ट, त्याच्याखाली जर्नलच्या (केसच्या ज्या टोकावर बेअरिंग बसतं त्याच्या) तोंडावर चकती. टपारियाचा रिंग पाना लावून बोल्ट हळूहळू आवळत नेला, 'टक्क' असा आवाज आला आणि बेअरिंग हातात. हातोडा नाही, गॅसची शेगडी नाही. दुपारी दोन ते चार ठोकाठोकीला मनाई असलेल्या आमच्या सोसायटीत हे किती मोलाचं, ते पार्किंगमध्ये काम करणाऱ्यांनाच कळेल.

पुढचं पाऊल सेटअप बेअरिंग. जुन्या बेअरिंगचं भोक घासून किंचित सैल केलं की ती बोटांनी चढतात-उतरतात, आणि अंतिम शिम ठरल्यावरच नवीन बेअरिंग प्रेसने बसवायची. हे पोलाद ५८ ते ६२ रॉकवेल कडकपणाचं, लेथच्या साध्या टूलला ते दाद देत नाही. डाय ग्राइंडरला फ्लॅप व्हील लावून, गोल फिरवत, थांबून थांबून मोजत घासायचं. माझी जुनी जोडी बाजूला काढून ठेवलीही होती. पण लिहिता लिहिता एक गोष्ट टोचायला लागली : झिजलेल्या बेअरिंगची उंची नव्याइतकी कशी असेल? तिथला प्रत्येक थाऊ सरळ बॅकलॅशमध्ये जाणार. तेव्हा बेत बदलला. नागदेवी स्ट्रीटवरून अंतिम जोडीच्याच मेकची आणखी एक नवी जोडी घेतो आणि तीच घासतो. खर्च होईल, होऊ दे. तरीही दोन्ही जोड्या जाड काचेवर ठेवून, वर सारखं वजन देऊन, डायल गेजखाली उंची ताडून बघणार.

डायलवरून आठवलं. चोर बाजारातला डायल घ्यायचा असेल तर प्लंजर दाबून सोडा, काटा दर वेळी त्याच रेषेवर परत येतो का ते बघा. अडखळला तर कितीही स्वस्त असो, खाली ठेवा. माझा बेकरचा आहे, ०.०१ मि.मी.चा, आणि त्याच्यावर माझा जीव आहे. बॅकलॅशचं लक्ष्य सहा थाऊ, म्हणजे ०.१५ मि.मी. चुंबकी स्टँडवर मात्र काटकसर नको. स्टँड डुलला की आकडा खोटा.

पॅटर्नसाठी प्रशियन ब्लू काळ्या दातांवर धड दिसत नाही. जुने गॅरेजवाले शेंदूर तेलात घट्ट कालवून लावायचे, तेच करतोय. त्यात शिसं असतं, हातमोजे घालाच. क्राउनला लाकडी पाचरीने थोडा अडसर द्यायचा, नाहीतर ठसा उमटत नाही. ठसा दाताच्या मुळाशी गेला तर पिनियन फार आत आहे, शिम कमी करायची. माथ्याकडे गेला तर वाढवायची. ४३ आणि ८ला सामाईक विभाजक नाही, त्यामुळे प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो. खुणा जुळवायची भानगड नाही.

पिनियनच्या प्रीलोडसाठी (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब मोजायला) इंच-पौंडवाला बीम टॉर्क रेंच शोधत होतो. तो शोध बंद. प्लायवूडची २० सें.मी. व्यासाची चकती पिनियनच्या टोकावरच्या योकला बोल्ट करायची, कडेवर दोरी गुंडाळायची आणि स्प्रिंगच्या काट्याने सावकाश ओढायची. नव्या बेअरिंगला २० ते ४० इंच-पौंड, म्हणजे १० सें.मी. त्रिज्येवर काटा साधारण २.३ ते ४.६ किलो दाखवेल. फिरत असतानाचा आकडा घ्यायचा, सुटतानाचा झटका नाही, आणि ऑइल सील तोपर्यंत लावायचं नाही.

राहिला स्प्रेडर, म्हणजे केस आत बसवायला हाउसिंग किंचित ताणणारं अवजार. हाउसिंग अर्ध्या मिलिमीटरच्या पलीकडे ताणलं तर ते कायमचं वाकू शकतं, म्हणून तिथेही डायल लावूनच काम. टर्नबकलचा बनवावा की जाड प्लेटचा, यावर काकांचं आणि माझं अजून जमलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी घरी बनवला असेल तर प्लेटची जाडी आणि पिनांमधलं अंतर तेवढं कळवा. विरारला असलात तरी येऊन मापं घेऊन जाईन.