तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅव्होकाडोचं तेल फोडणीला की चेहऱ्याला?

प्रश्न साधारण असा असतो: “मुलाने येताना अ‍ॅव्होकाडोच्या तेलाची बाटली आणलीय. फोडणीला वापरू की चेहऱ्याला लावू?” कधी बाटली औंधातल्या सुपरमार्केटातली असते, कधी ऑनलाइन मागवलेली. प्रश्न तोच.

दोन्हीला चालेल. अट एवढीच, की बाटली खाद्यतेलाची हवी. खायचं तेल अंगाला लावता येतं, पण सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलेलं तेल खाता येत नाही, मग त्यावर ‘शुद्ध’ कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असो. त्यात सुगंध किंवा आणखी काही मिसळलेलं असू शकतं. इथे घेतलेल्या बाटलीवर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असतो, आयात मालावर तो आयातदाराच्या स्टिकरवर सापडतो. परदेशातून कुणी बॅगेत घालून आणलेल्या बाटलीवर तो नसणारच. तिथे पोषणमूल्यांचा तक्ता छापलेला आहे का, ते बघा.

आता पुण्यात गल्लोगल्ली लाकडी घाणे झाल्यामुळे आलेला उपप्रश्न: घाण्यावर हे तेल काढून मिळेल का? नाही. घाण्याला शेंगदाणा, करडई, तीळ, सुकं खोबरं असा कोरडा माल लागतो. अ‍ॅव्होकाडोचं तेल बीचं नसून गराचं असतं, आणि त्या गरात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. कारखान्यात गर वाटून, कोमट ठेवून बराच वेळ घुसळतात आणि मग सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून पाणी, चोथा आणि तेल वेगळं करतात.

घरी करायचंच असेल तर आधी हिशेब करा. हास जातीच्या, म्हणजे काळपट खरबरीत सालीच्या, १ किलो फळांतून साधारण ६५० ग्रॅम गर निघतो. त्यात १५ टक्के तेल धरलं तर १०० ग्रॅमच्या आत-बाहेर, आणि घरच्या पद्धतीने त्यातलं निम्मं हाती लागलं तरी खूप. कूर्ग-वायनाडकडचं मोठं, गुळगुळीत, हिरवं ‘बटर फ्रूट’ असेल तर त्याहूनही कमी, कारण त्यात पाणी जास्त. गर वाटून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर लोणी कढवतो तसा कढवायचा, तळाला लागू द्यायचा नाही. बुडबुडे थांबले आणि चोथा तांबूस झाला की पंच्यातून पिळायचं. बुडबुडे थांबण्याआधी उतरवलंत तर तेलात पाणी राहतं आणि काही दिवसांत ते नासतं. जास्त कढलं तर काळपट आणि कडू. मला विचाराल तर फळ मीठ-लिंबू लावून खावं आणि तेल विकत आणावं.

विकतच्या तेलाचे दोन प्रकार. एक्स्ट्रा व्हर्जिन हिरवं असतं, हरितद्रव्यामुळे, आणि त्याला ओल्या गवताचा, थोडा लोण्याचा वास येतो. रिफाइंड फिकट पिवळं, जवळजवळ बिनवासाचं. रिफाइंडचा धूर साधारण २५० ते २७० अंश सेल्सिअसला निघतो. हिरव्याचा त्याहून खाली, आणि किती खाली ते तेल कसं गाळलंय, किती ताजं आहे यावर ठरतं. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ लिहिलंय आणि आत पाण्यासारखं फिकट तेल आहे, तर शंका घ्यावी. ‘ब्लेंडेड’ हा शब्द बारीक अक्षरांत शोधावा. आपल्याकडे मिश्र खाद्यतेलात प्रत्येक तेल किमान २० टक्के असलं की चालतं, म्हणजे पुढच्या बाजूला अ‍ॅव्होकाडोचं चित्र आणि आत पाचातले चार भाग दुसरं तेल, असंही होऊ शकतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने २०२० साली २२ बाटल्या तपासल्या, तेव्हा ८२ टक्के बाटल्या एक तर मुदतीआधीच खवट झालेल्या किंवा भेसळीच्या निघाल्या. तीन बाटल्यांत तर जवळजवळ निव्वळ सोयाबीन तेल होतं. तेव्हा ‘अमेरिकेचं आहे’ हे काही प्रमाणपत्र नाही.

फ्रिजमध्ये ठेवून गोठलं तर शुद्ध, हा उपायही सोडून द्या. मिश्रणंही गढूळ होतात. आपलं नाक जास्त भरवशाचं. खवट हा शब्द आपल्याला शेंगदाण्या-खोबऱ्यामुळे लहानपणापासून कळतो, तोच वास इथे शोधायचा: जुन्या मेणाच्या खडूंसारखा. अर्धा चमचा तेल कोमट पोळीच्या तुकड्यावर घालून खाल्लंत की संशय फिटतो.

आता फोडणी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे धुराची वाट पाहणं. घाण्याचं शेंगदाणा तेल लवकर धुरावतं, त्यामुळे तेल ‘आलं’ हे डोळ्यांना कळतं. रिफाइंड अ‍ॅव्होकाडो तेल बराच वेळ शांत राहतं. धूर दिसेपर्यंत ते २५० अंशांच्या पुढे गेलेलं असतं, आणि मग मोहरी तडतडण्याऐवजी जळून कडू होते, हिंग करपतो, हळद पडताक्षणी काळी. म्हणून मध्यम आच, एक दाणा मोहरी टाकून बघायची. ती लगेच फुटली की बाकीची घालायची, गॅस बारीक करून हिंग-हळद. चौघांच्या पोह्यांना ३ टेबलस्पून तेल लागतं तेवढंच इथेही लागेल. ‘हेल्दी’ म्हणून एखादा चमचा वाढवण्यात अर्थ नाही. चहाच्या चमचाभर तेलात ४० कॅलरी असतात, करडईच्या असोत की अ‍ॅव्होकाडोच्या.

गुण आहे तो चरबीच्या जातीत: सुमारे ७० टक्के मोनोअनसॅच्युरेटेड (हृदयाला बरी मानली जाणारी असंपृक्त चरबी), त्यात बहुतेक ओलेइक आम्ल, आणि संपृक्त चरबी १२ टक्क्यांच्या आसपास. शेंगदाणा तेलात मोनो निम्म्याच्या आसपास असतं. फरक आहे, पण किंमत कित्येक पट होण्याइतका आहे का, ते तुम्हीच ठरवा. मिसळीचा कट, भरली वांगी, ठेचा यांत तर मी हे तेल घालणार नाही. त्या पदार्थांना शेंगदाण्याच्या तेलाची चव हवीच असते, आणि रिफाइंड अ‍ॅव्होकाडोला चवच नाही. चिवडा-चकलीच्या तळणीत ते ओतणं म्हणजे पैसे तळणं. तळणीला तेल १७०-१८० अंशांवर लागतं, त्याला साधं तेल पुरतं.

हिरवं तेल शोभतं कच्चं. काकडीच्या कोशिंबिरीत दही न घालता २ चमचे तेल, १ चमचा लिंबाचा रस, मीठ, मिरची, दाण्याचं कूट, आणि तेल अगदी शेवटी, नाहीतर काकडी पाणी सोडते आणि तेल वर तरंगतं. भाकरीबरोबरच्या जवसाच्या चटणीवरही झकास लागतं. थालीपिठाला मात्र रिफाइंड: मधल्या भोकात आणि कडेने मिळून एका थालीपिठाला १ चमचा, वर झाकण. रव्याच्या केकमध्ये १०० ग्रॅम बटरऐवजी ८० ग्रॅम तेल घ्या, कारण बटरमध्ये पाचवा हिस्सा पाणी-दूधच असतं. ते भरून काढायला दीड टेबलस्पून दूध वाढवा. शंभराला शंभर घातलं की केक तळाशी चिकट बसतो.

त्वचेकडे येऊ. तेलात पाणी नसतं, ते फक्त असलेला ओलावा अडवून धरतं. डिसेंबरात पुण्याची हवा कोरडी असते, किमान तापमान १०-१२ अंशांवर येतं, त्यात टँकर-बोअरचं जड पाणी असेल तर अंग तडतडतंच. अशा वेळी कोरड्या कातडीवर तेल चोळून उपयोग कमी. आंघोळीनंतर टॉवेलने नुसतं टिपून, अंग ओलसर असतानाच लावायचं. चेहऱ्याला रात्री २ ते ३ थेंब, दोन्ही पोटऱ्या आणि हातांना मिळून १ चमचा, भेगाळलेल्या टाचांना अर्धा चमचा आणि वर सुती मोजे. हिरवं तेल अभ्र्यावर डाग पाडतं, तेव्हा जुना अभ्रा घ्या. पावसाळ्यात दमट हवेत चेहऱ्याला बहुधा गरजच नसते.

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दोन दिवस बघा. रबराच्या, म्हणजे लॅटेक्सच्या हातमोज्यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी काहींना अ‍ॅव्होकाडोही सोसत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे तेल खाऊही नये, लावूही नये. मुरुमांच्या चेहऱ्याला नको, छिद्रं बुजतात. कोंडा असेल तर टाळूलाही नको: कोंड्यामागची बुरशी तेलातल्या अशाच स्निग्धाम्लांवर पोसते. केसांच्या लांबीला धुण्याआधी अर्धा तास १ चमचा लावलंत तर हरकत नाही. तान्ह्या बाळाची कातडी कोरडी-लालसर असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा, कारण जास्त ओलेइक असलेली तेलं नाजूक कातडीचं संरक्षक अस्तर सैल करू शकतात. भाजल्यावर कुठलंच तेल लावू नका, आधी वाहतं पाणी. आणि हे तेल सनस्क्रीन नव्हे. दिवाळीच्या अभ्यंगाला घरभर पुरेल एवढं लागतं, तिथे तीळतेलच बरं. हौस असेल तर तीन भाग तीळतेलात एक भाग हे.

एकच बाटली दोन्हीकडे वापरायची तर घरी आणल्या दिवशी ३० मिलीची गडद काचेची ड्रॉपरची बाटली धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून तिच्यात थोडं तेल काढून ठेवा. ओली बोटं मोठ्या बाटलीत जाणार नाहीत. छोटी संपली की पुन्हा धुऊन-वाळवूनच भरा, कारण तळाशी राहिलेलं जुनं तेल नव्यालाही लवकर खवटवतं. मोठी बाटली २५० मिलीची पुरे. झाकणावर उघडल्याची तारीख लिहा, तीन महिन्यांत संपवा. उजेड हा हिरव्या तेलाचा शत्रू, हरितद्रव्य उजेडात तेल बिघडवण्याचंच काम करतं. म्हणून गॅसशेजारची मांडणी, खिडकी आणि न्हाणीघर सोडून बंद कपाटात ठेवा. एप्रिल-मेमध्ये फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालेल. गढूळ झालं तर बाहेर काढल्यावर निवळतं.

खवट झालंच तर सिंकमध्ये ओतू नका. पणतीत जाळा. दाराच्या बिजागऱ्यांना मात्र लावू नका, महिन्याभरात चिकट होऊन धूळ धरते आणि दार आधीपेक्षा जास्त कुरकुरतं.