निघायची घाई

निरोप घेणं आपल्याकडे तासाभराचं काम असतं. पाहुणे उठतात, चपला घालतात आणि मग दारात उभ्या उभ्या खऱ्या गप्पा सुरू होतात. अशा वेळी मला हटकून टेनिसपटू स्टेफी ग्राफ आठवते. ती आपली पाहुणी असती, तर आपण 'चहा घेऊन जा' म्हणेपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचली असती.

खेळातही तिची तीच तऱ्हा. एक गुण संपला की ही पुढच्या सर्व्हिससाठी तयार. १९८८ साली पॅरिसच्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात नताशा झ्वेरेवाला तिने ६-०, ६-० असं हरवलं, अवघ्या ३४ मिनिटांत. तिकीट काढून आलेल्यांची तिला नंतर माफी मागावी लागली! त्याच वर्षी तिने चारही ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसमधल्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकल्या आणि वर सोलचं ऑलिंपिक सुवर्णपदकही. पाचही एकाच वर्षात, तेही एकोणिसाव्या वर्षी.

कारकिर्दीत एकेरीची २२ ग्रँड स्लॅम विजेतेपदं आणि ३७७ आठवडे पहिला क्रमांक. पण या हिशेबाला एक ठसठसणारी जागा आहे. एप्रिल १९९३ मध्ये हॅम्बुर्गला तिची मोठी प्रतिस्पर्धी आणि तेव्हाची पहिल्या क्रमांकाची खेळाडू मोनिका सेलेस हिच्या पाठीत सुरा खुपसला गेला. खुपसणारा स्टेफीचा चाहता होता. सेलेस दोन वर्षांहून जास्त काळ खेळू शकली नाही. स्टेफीचा त्यात काडीचा दोष नव्हता, तरी त्या काळातली तिची विजेतेपदं मोजताना माझं बोट जरा अडखळतंच.

तिचा फोरहँड जगाने वाखाणला. मला मात्र तिचा एकहाती स्लाइस बॅकहँड जास्त आवडायचा. चेंडू असा खाली राहायचा की समोरचीला वाकून उचलावा लागे. अबोल म्हणून तिची ख्याती, पण १९९६ च्या विम्बल्डनमध्ये ऐन सामन्यात प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, 'स्टेफी, माझ्याशी लग्न करशील?' सर्व्हिसला उभ्या स्टेफीने तिथूनच विचारलं, 'पैसे किती आहेत तुझ्याकडे?' आपल्याकडच्या ठरवून केलेल्या लग्नांत हाच प्रश्न चार मध्यस्थ आणि दोन बैठकांनंतर येतो.

१९९९ मध्ये तिशीच्या उंबरठ्यावर तिने पॅरिसला मार्टिना हिंगीसला हरवलं आणि लगेच सांगून टाकलं, इथे आता पुन्हा खेळणार नाही. विम्बल्डनच्या अंतिम फेरीत लिंडसे डेव्हनपोर्टकडून हरली. ऑगस्टमध्ये निवृत्ती. तेव्हाही क्रमवारीत तिसरी होती. पण खेळण्यातली मजा गेली म्हणाली आणि थांबली. शेवटचा दौरा नाही, सत्कारांची रांग नाही. लास व्हेगासला संसार थाटला. युद्धाने होरपळलेल्या मुलांसाठीच्या तिच्या संस्थेचं काम चालतं, तेही फारसा गाजावाजा न होता.

आणि नवरा कोण मिळाला? टेनिसपटू आंद्रे आगासी! २००६ मध्ये न्यूयॉर्कला शेवटचा सामना हरल्यावर तो भर कोर्टावर रडला, माइक हातात घेऊन प्रेक्षकांशी मनातलं बोलला, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवतच राहिले. अगदी आपल्यातला माणूस.