स्टेटस ओके, रेट भलताच

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, कॉस्टिंगच्या फाइलचं हे काम. मी एक्सेलची सुटी कामं घेते, पगारपत्रकं, स्टॉकचे रिपोर्ट, जीएसटीची जुळवाजुळव असलं काहीबाही, आणि फोनवर सगळ्यांची तक्रार एकच असते, "मॅडम, फाइल उघडली की कसला तरी मेसेज येतोय बघा." यांचीही तीच. फक्त पुढं एक जोड होती, संध्याकाळी एका मोठ्या कस्टमरला कोटेशन जायचंय आणि मालकांना रेट पटेना झालाय. स्क्रॅपचा, म्हणजे भट्टीत वितळवायच्या भंगाराचा, भाव एवढा वाढला तरी आपली कॉस्ट जागची हलत नाही हे कसं काय, असं ते सकाळी विचारून गेले होते.

कॉस्टिंग बघणारे काका आधी मेल्टिंगवर होते, भट्टीपाशी बरीच वर्षं काढली, मग पाठीचं दुखणं सुरू झालं तसं ऑफिसात आले. कॉम्प्युटर जेवढ्यास तेवढा, पण मालाचे भाव सगळे तोंडपाठ. त्यांनी माझ्यासमोर फाइल उघडली, लिंक अपडेट करू का म्हणून विचारणा आली, त्यांनी अपडेट दाबलं, लगेच दुसरी खिडकी आली की काही लिंक आत्ता अपडेट होत नाहीत, आणि तिथं काकांनी न वाचता कंटिन्यू दाबलं. "रोजचंच आहे ते," म्हणाले. किती दिवसांपासून विचारलं तर म्हणे नवीन सर्व्हर आल्यापासून.

इथंच अर्धं उत्तर मिळालं खरं तर. एका फाइलनं दुसऱ्या फाइलमधला आकडा उचलायचा तर फॉर्म्युल्यात त्या दुसऱ्या फाइलचा अख्खा पत्ता लिहिलेला असतो, ड्राइव्ह, फोल्डर, मग चौकोनी कंसात फाइलचं नाव, मग शीट, मग सेल. आणि शेवटचा उचललेला आकडा एक्सेल आपल्या पोटात जपून ठेवतं. पत्ता बदलला, फाइल सापडली नाही, तरी ते बोंब मारत नाही, तो जपलेला आकडाच दाखवत बसतं. लोकांना वाटतं लिंक तुटली की सेलमध्ये हॅश रेफची (#REF!) एरर दिसणार. तसं दिसलं तर बरंच की, निदान कळतं तरी. इथं सगळे सेल भरलेले, छान दोन दशांशांत, आणि सगळे रेट सर्व्हर बदलायच्या आधीचे. मालक बरोबर बोलत होते, कॉस्ट हलत नव्हती कारण तिला हलवणारं कुणी नव्हतंच.

झालं असं होतं की सर्व्हरवाल्या वेंडरनं जुन्या मशिनवरचा सगळा डेटा नव्या डब्यावर टाकला, ड्राइव्हचं अक्षरही तेच झेड ठेवलं, पण सगळं 'जुना डेटा' नावाच्या एका फोल्डरात कोंबलं. मग परचेसवाल्यांनी आपली रेटची फाइल तिथून बाहेर काढून आपल्या फोल्डरात नेली, आणि कॉस्टिंगची तिथंच राहिली. दोन्ही फाइली एकाच फोल्डरात असत्या आणि एकत्र हलवल्या असत्या तर बहुतेक काही झालं नसतं, कारण शेजारच्या फाइलचा पत्ता एक्सेल आपल्यापासून मोजून ठेवतं. इथं दोघींची ताटातूट.

आधी सगळ्या फोल्डरची कॉपी करून घेतली, ती बाजूला ठेवली, मगच हात लावला. यांच्याकडे ऑफिस 2016, त्यात डेटा टॅबवर एडिट लिंक्स असतं, नव्या 365 मध्ये त्याच जागी वर्कबुक लिंक्सचा पॅनल येतो. उघडलं तर एक रेटची फाइल असेल म्हणून बघतेय आणि यादी खाली सरकवावी लागतेय. चेक स्टेटस दाबल्यावर निम्म्यांपुढं सोर्स सापडत नाही. एक लिंक नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या डेस्कटॉपवर जात होती. एक तर थेट आऊटलुकच्या तात्पुरत्या फोल्डरात, म्हणजे कुणीतरी मेलमधली अटॅचमेंट सेव्ह न करता तशीच उघडली, तिच्यावरून लिंक मारली, आणि तो फोल्डर कधीच साफ झाला. त्या लिंकला जगात कुठंच फाइल नाही. त्यातला आकडा एका जुन्या कोर (साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) बनवणाऱ्या ठेकेदाराचा रेट निघाला, तो आता येतही नाही, तो आम्ही हातानं बदलला.

आणि एक सांगायचं राहिलं, फोल्डरात 'कॉस्टिंग फायनल', 'कॉस्टिंग फायनल नवीन' आणि 'कॉस्टिंग फायनल नवीन 2' अशा तीन फाइली होत्या (कुठं नसतात). तिसरीत मेसेज येत नव्हता म्हणून ऑफिसातली दोघंजणं तीच वापरत होती. मेसेज का येत नाही, तर कुणीतरी कंटाळून ब्रेक लिंक दाबलेलं. ब्रेक लिंक म्हणजे लिंकवाले सगळे फॉर्म्युले पुसून त्या जागी त्या क्षणाचे आकडे चिकटवायचे, आणि ते अनडू होत नाही. म्हणजे ती फाइल दिसायला सगळ्यात शहाणी आणि आतून मेलेली. तिचं नाव बदलून आधी 'वापरू नये' केलं.

मग मूळ फाइलमध्ये चेंज सोर्स करून परचेसच्या नव्या जागेची रेटची फाइल दाखवली. एक्सेलनं शांतपणे घेतली, स्टेटस ओके, आकडे हलले, सीआरसी स्क्रॅपचा (पत्र्याच्या भंगाराचा) रेट आजचा दिसायला लागला. मला वाटलं चला झालं, आता चहा. काका मात्र चष्मा कपाळावर ढकलून स्क्रीनला नाक लावून बघत होते आणि मग म्हणाले, "मॅडम, फेरो सिलिकॉन पिगच्या भावात कुठं मिळतंय ओ? मला पण सांगा, मी घरी आणून ठेवतो चार पोती."

खरंच की. पिग म्हणजे पिग आयर्न, भट्टीत पडणारं कच्चं लोखंड, आणि फेरो सिलिकॉन म्हणजे त्यात थोडासाच घालायचा महाग मिश्रधातू. फेरो सिलिकॉनपुढं 42 रुपये. पिग आयर्नपुढं 31. (आकडे मी इथं थोडे बदललेत, गिऱ्हाइकाच्या घरातली गोष्ट आहे, पण हिशोब तोच.) रेटची फाइल उघडली तर तिथं सगळं नीट, पिग 42, फेरो सिलिकॉन 110. मग लिंकचा सेल बघितला आणि कळलं. कॉस्टिंगची फाइल पिगचा रेट आठव्या ओळीतून घेत होती, आणि आठव्या ओळीत आता पिग नव्हतंच, तिथं बोरिंग होतं, म्हणजे मशीन शॉपमधून येणारा लोखंडाचा भुसा, तो यांनी मधल्या काळात विकत घ्यायला सुरुवात केली म्हणून परचेसच्या पोरानं सीआरसीच्या खाली एक नवी ओळ घातली. त्याचं काही चुकलं नाही, ओळ तिथंच घालायला हवी होती. दोन्ही फाइली उघड्या असताना ओळ घातली असती तर एक्सेलनं लिंकसुद्धा एक ओळ खाली सरकवली असती. पण कॉस्टिंगची फाइल बंद असेल तर तिला बिचारीला कसं कळणार, तिच्याकडं पत्ता लिहिलाय आठवी ओळ, ती आठवीच ओळ वाचणार. त्यामुळे पिगला बोरिंगचा भाव, फेरो सिलिकॉनला पिगचा, फेरो मँगनीजला फेरो सिलिकॉनचा, आणि कार्बुरायझरला (कार्बन वाढवायला टाकतात ते) फेरो मँगनीजचा. सगळे एकेक घर सरकलेले.

आणि गंमत अशी की बेरीज बघून काही कळलं नसतं. एक टन मेटलला समजा दीडशे किलो पिग पडतं, त्यात किलोमागं 11 रुपये कमी लागले म्हणजे 1,650 गेले. वीस किलो फेरो सिलिकॉन, त्यात 68 कमी, म्हणजे आणखी 1,360. पण फेरो मँगनीज 90 चं 110 झालं, पाच किलोला 100 रुपये वाढले, आणि कार्बुरायझर 55 चा 90 झाला, पंचवीस किलोला 875 वाढले. वजाबाकी करून टनाला 2,035 रुपये कमी, किलोला जेमतेम दोन रुपये. त्याच वेळी स्क्रॅपचा खरा रेट लागून एकूण कॉस्ट वरही गेली होती, त्यामुळे मालकांनी बघितलं असतं तर म्हणाले असते हां आता बरोबर वाढली. किलोला दोन रुपये ऐकायला काहीच नाही, पण महिन्याला दोनशे टनांची ऑर्डर असली तर चार लाख होतात, आणि कास्टिंगच्या धंद्यात कस्टमर पन्नास पैशांसाठी तीन मीटिंगा घेतो.

मला यात सगळ्यात जास्त खटकलं ते ते 'ओके'. एडिट लिंक्समधलं ओके म्हणजे एवढंच की सांगितलेली फाइल आणि तिच्यातलं शीट सांगितलेल्या जागी आहे. आत काय आहे, ओळ तीच आहे का, मथळा तोच आहे का, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पोस्टमन सांगतो घर सापडलं, घरात आता कोण राहतंय ते त्याला कुणी विचारलेलं नसतं. आमच्या लाइनीतली बरीच पोरं तिथंच थांबतात, स्टेटस ओके आलं की बिल टाकतात. काका शेजारी नसते तर कोटेशन तसंच गेलं असतं का, तर मी नंतर दहा-बारा रेट समोरासमोर ताडून बघतेच, त्यात सापडलं असतं, पण त्यांनी फॉर्म्युला न बघता नुसत्या भावावरून पकडलं त्याची सर त्याला नाही.

दुरुस्ती सोपी होती, ओळीच्या नंबरावर विसंबायचंच नाही. परचेसच्या फाइलमध्ये प्रत्येक मालाला आयटम कोड होताच, तोच कॉस्टिंगच्या फाइलमध्ये एका कॉलमात घेतला आणि इंडेक्स-मॅचनं कोड शोधून रेट आणायचा, मग वर ओळ घाला की खाली घाला. हे फॉर्म्युले सोर्सची फाइल बंद असली तरी चालतात. सगळे चालत नाहीत हां, डिस्पॅचच्या गोषवाऱ्यात सम-इफ लावलेलं होतं आणि तिथं रोज हॅश व्हॅल्यूची (#VALUE!) एरर यायची, त्यावर त्यांनी उपाय काय काढलेला, तर सकाळी आल्या आल्या उदबत्ती लावल्यासारखी डिस्पॅचची फाइल उघडून ठेवायची आणि संध्याकाळपर्यंत बंद करायची नाही. सम-इफ, काउंट-इफ बंद फाइलमधून वाचत नाहीत, तिथं सम-प्रॉडक्ट लावलं की झालं. हे दाखवल्यावर डिस्पॅचचा मुलगा म्हणाला, "ताई, म्हणजे आता ती फाइल मिनिमाइज करून ठेवायची नाही?" त्याला ते जरा सुनंच वाटलं असावं.

एवढं होऊन फाइल बंद करून उघडली तर लिंक अपडेट होत नाही हा मेसेज परत हजर. एडिट लिंक्समध्ये परचेस आणि डिस्पॅच सोडून एकच नाव शिल्लक, कुठल्या तरी कस्टमरच्या फॉरमॅटची फाइल, काकांनाही आठवेना. ब्रेक लिंक दाबलं तरी जात नाही. फाइंडमध्ये चौकोनी कंस टाकून सगळ्या वर्कबुकचे फॉर्म्युले शोधले, त्या फाइलचं काही नाही. नेम मॅनेजर बघितला, तिथं मेलेल्या नावांचा ढीग होता, तो साफ केला, तरी आहेच. काही नावं लपवलेली असतात, ती नेम मॅनेजरमध्येही दिसत नाहीत, चार ओळींचा मॅक्रो चालवून ती उघडी केली, तिथंही नाही. चार्टच्या सिरीज बघितल्या, नाही.

अशा वेळी मी एक करते. फाइलची कॉपी घ्यायची आणि तिचं एक्सटेन्शन बदलून झिप करायचं. 2007 पासूनची एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे मुळात झिपच, आत एक्सएमएलच्या फाइली. तिथं एक्सटर्नल लिंक्स नावाचा फोल्डर असतो, त्यात प्रत्येक परक्या फाइलला एक नंबर आणि तिचा पत्ता. आणि शीटच्या आतल्या मजकुरात तो लांबलचक पत्ता नसतो, नुसता [1], [2] असा नंबर असतो. त्या कस्टमरच्या फाइलचा नंबर बघितला, एकेक शीट नोटपॅडमध्ये उघडून तो शोधत गेले आणि लपवलेल्या 'मास्टर' शीटमध्ये सापडलं, फॉर्म्युल्यात नाही, डेटा व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे ओतायच्या लोखंडाची ग्रेड निवडायची ती ड्रॉपडाउन. एफजी 260, एसजी 450 वगैरेची यादी. कधीतरी कस्टमरच्या फाइलमधलं ते शीट मूव्ह ऑर कॉपी करून इकडं आणलं, शीट आलं पण ड्रॉपडाउनची यादी तिकडंच राहिली. ब्रेक लिंक व्हॅलिडेशनला हात लावत नाही, फाइंडही तिथं बघत नाही. ड्रॉपडाउनला इथलीच यादी दिली, सेव्ह केलं, उघडलं, आता यादीत फक्त परचेसची आणि डिस्पॅचची, दोन्ही खऱ्या.

मालक आले तेव्हा कोटेशनचा आकडा तयार होता. कुठल्या मालामुळं किती वाढलं ते काकांनी सांगितलं, मी सांगायची गरजच पडली नाही. मालकांचा एकच प्रश्न, "ते मेसेज कायमचे बंद केलेत ना?" एडिट लिंक्समध्ये स्टार्टअप प्रॉम्प्ट असतं, तिथून मेसेजही दाखवू नको आणि अपडेटही करू नको असं करता येतं, दोन क्लिकचं काम. मी नाही म्हटलं. त्याऐवजी कॉस्टिंगच्या शीटवर सगळ्यात वर एक सेल केला, त्यात परचेसच्या फाइलमधली 'रेट कधी भरले' ती तारीख येते आणि ती आठ दिवसांपेक्षा जुनी झाली की लाल होते. मालकांना ते पटलं, का नुसतं कोटेशन पाठवायची घाई होती ते माहीत नाही.

निघताना कळलं की डिस्पॅचच्या पीसीवर तोच सर्व्हर वाय ड्राइव्ह म्हणून जोडलाय, बाकी सगळीकडं झेड. म्हणजे त्या पोरानं तिथून एखादी नवी लिंक मारली की पुन्हा वेगळा पत्ता. वेंडरला लगेच फोन लावला, सगळीकडं एकच अक्षर करा म्हटलं, तो म्हणाला सोमवारी माणूस पाठवतो. काकांनी ते कॅलेंडरवर लिहून घेतलं.