काजूच्या टरफलांचे तेल पाहायला चंदगडला जाणाऱ्यांसाठी

पायरोलिसिसचे, म्हणजे हवा न लागू देता टरफले तापवून काढलेले, तेल दाखवतो, असे सांगून मला ज्या पहिल्या कारखान्यात नेण्यात आले तेथे पायरोलिसिस नव्हतेच. एक्सपेलरमध्ये टरफले दाबून तेल काढले जात होते, पेंड बाजूला पडत होती आणि या दर्शनाचे पैसे मात्र आगाऊ घेतले गेले होते. एक्सपेलरच्या तेलाला ब्रेक लायनिंग, रंग आणि रेझिनच्या उद्योगांत चांगली मागणी आहे, परंतु तेवढ्यासाठी घाट चढण्याचे कारण नाही. निघण्यापूर्वी फोनवर कंडेन्सर (वाफ गार करून तिचे तेल करणाऱ्या नळ्या) आहे का आणि त्या दिवशी भट्टी लागणार आहे का, एवढे स्पष्ट विचारावे. उत्तरात टाळाटाळ झाली, तर जाऊ नये.

सावंतवाडी स्टेशनवरच्या गाडीवाल्याने जवळचा रस्ता म्हणून तिलारी घाटातून नेले. चढ उभा, वळणे अत्यंत आवळ, समोरून ट्रक आला की मागे सरकण्यावाचून गत्यंतर नाही. आणि वर पोहोचल्यावर परतीचे रिकामे भाडे व ‘घाटाचे वेगळे’ अशी मागणी! आंबोलीमार्गे जावे, भाडे जाऊन-येऊन ठरवावे आणि शक्य तर ते चारचौघांसमोर ठरवावे. पावसाळ्यात जाऊच नये, कारण घाटात धुके असते आणि ओल्या टरफलांतून तेलापेक्षा पाणीच अधिक निघते.

दुसऱ्या ठिकाणी मात्र खरी भट्टी होती. बंद पात्रात हवा न शिरू देता टरफले सुमारे ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापवतात, वाफ पाण्याने गार केलेल्या नळ्यांतून नेतात आणि जो वायू थिजत नाही तो पुन्हा भट्टीखालीच जाळतात. तापताना टरफलाच्या तेलातल्या ॲनाकार्डिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड सुटत असल्यामुळे तेल फेसाळते. पात्र गच्च भरले असेल तर तो फेस नळीत चढतो. कामगार नळीवर हात ठेवून उष्णता अजमावत होता, ते पाहून मीच दोन पावले मागे सरलो. काजू हा बिब्ब्याच्याच कुळातला, त्यामुळे कच्चे तेल अंगावर उडाले तर कातडी बिबा उतल्यासारखी फुलते. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा आपलाच न्यावा, तेथे मिळत नाही.

‘हे डिझेलच समजा’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये. निघालेल्या द्रवात आंबूस पाणी वेगळे साचते, आम्लामुळे साधे लोखंड खाल्ले जाते आणि शुद्धीकरणाशिवाय ते पंपाच्या इंजिनात घालणे म्हणजे इंजिन मोडीत काढणे होय. भट्टीचे इंधन म्हणून ते चालते. टरफले विकत घेणाऱ्याने काजू वाफवलेला होता की भाजलेला, हे विचारावे. वाफवलेल्याच्या टरफलात तेल बरेचसे टिकते, भाजलेल्याच्या टरफलातले पुष्कळसे आधीच गेलेले असते.

नमुन्याची बाटली तेथे अवाच्या सवा दराने विकतात आणि झाकण गळते. घ्यायचेच असेल तर पात्रात उरलेला कोळसा घ्यावा; तो स्वस्त आहे आणि पिशवीतून विनासायास नेता येतो.