कुसळ

दक्षिण अटलांटिक महासागरातील दक्षिण जॉर्जिया बेटावर उतरण्याआधी माझ्या मोज्यांची जी झडती झाली, तशी माझी स्वतःची कोणत्याही विमानतळावर झालेली नाही. अर्जेंटिनातील उशुआयाहून निघालेल्या आमच्या जहाजाने फॉकलंड बेटे मागे टाकली होती. तिथून पुढे पूर्वेकडे सुमारे १४०० किलोमीटर पाणीच पाणी होते. त्या वाटेवर एका दुपारी सर्व प्रवाशांना बाहेर घालायचे कपडे, बूट आणि पिशव्या घेऊन सभागृहात बोलावण्यात आले. मला बोट लागलेली असल्यामुळे एका हाताने खांब धरून मी दुसऱ्या हाताने खिसे उलटे करीत होतो, आणि आमची तरुण मार्गदर्शिका व्हॅक्यूम क्लीनर, चिमटा व विजेरी घेऊन एकेक शिवण तपासत होती. जॅकेटच्या वेल्क्रोत काही निघाले नाही. लोकरी मोज्याच्या विणीत मात्र एक कुसळ रुतलेले सापडले. दिवाळीच्या आधी राजगड चढताना ते चिकटले असणार. मोजे दोनदा धुऊनही ते निघाले नव्हते.

सह्याद्रीतले गवत त्या थंडीत रुजणार नाही, असे मी म्हणून पाहिले. तिने हसून ते कुसळ लखोट्यात बंद केले आणि सांगितले की, बाहेरून आलेले गवत व डँडेलियन हे पिवळ्या फुलांचे तण तिथे आजही फुटतात. त्यांच्याबद्दलही कोणीतरी हेच म्हटले असेल.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ, ही आपली म्हण मला तेव्हा आठवली. कारण या बेटावर मुसळ आधीच येऊन गेले होते. जेम्स कुक हा ब्रिटिश दर्यावर्दी १७७५ साली येथे उतरला आणि त्याने लिहिलेल्या वर्णनातील सीलच्या मागावर शिकारी जहाजे आली. फर सीलची इतकी कत्तल झाली की, ती जात संपल्यातच जमा होती. पुढे १९०४ मध्ये कार्ल अँटोन लार्सन या नॉर्वेजियन कप्तानाने ग्रिटविकेन येथे देवमाशांपासून तेल काढण्याचा कारखाना उभारला, आणि साठ वर्षांच्या आसपास बेटावरच्या अशा कारखान्यांत मिळून पावणेदोन लाखांच्या घरात देवमासे कापले गेले. मांसासाठी म्हणून १९११ मध्ये रेनडियर सोडले गेले. उंदरांना मात्र कोणी मुद्दाम आणले नव्हते, ते जहाजांबरोबर आपसूकच उतरले. या बेटावर झाड नाही. पक्ष्यांची घरटी जमिनीवर, गवताच्या बुंध्याशी किंवा बिळांत असतात, त्यामुळे अंडी आणि पिल्ले उंदरांना आयतीच मिळाली.

उंदीर काढण्याचे काम २०११ ते २०१५ दरम्यान तीन टप्प्यांत झाले. हेलिकॉप्टरमधून विषारी दाणे टाकले गेले. नंतर प्रशिक्षित कुत्र्यांकडून बेट हुंगून घेतले आणि २०१८ मध्ये ते उंदीरमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. घाई करण्यामागे एक कारण होते. समुद्रापर्यंत उतरणाऱ्या हिमनद्या उंदरांना ओलांडता येत नसल्यामुळे बेटाचे आपोआप कप्पे पडले होते, आणि त्यामुळे एकेक कप्पा स्वतंत्रपणे साफ करणे शक्य होते. हिमनद्या मागे हटू लागल्या होत्या. कप्पे एकमेकांना जोडले गेले असते, तर ती सोय राहिली नसती. हे ऐकताना मी मुंबईहून अर्धी पृथ्वी विमानाने ओलांडून, डिझेल जाळणाऱ्या जहाजात बसलो होतो, आणि माझे कुसळ तेवढे लखोट्यात बंद होते. या विसंगतीवर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते, आताही नाही. तरीही पुन्हा संधी मिळाली तर मी जाईन, हेही खोटे का सांगावे?

सेंट अँड्र्यूज उपसागरात पहिल्या दिवशी वाऱ्यामुळे उतरता आले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे झोडियाक या रबरी होडीतून आम्ही काठाला लागलो. आधी वास आला, मग आवाज, आणि मग डोळ्यांना काय दिसते आहे ते कळले. किंग पेंग्विनच्या सुमारे दीड लाख जोड्यांची ही वसाहत डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेली होती, आणि त्या काळ्या-पांढऱ्या गर्दीत तपकिरी रंगाचे मोठमोठे पट्टे दिसत होते. ती पिल्ले होती; घोंगडी पांघरल्यासारखी, आईबापांइतकीच उंच आणि सतत भुकेलेली. एक पिल्लू वाढवायला वर्षाहून अधिक काळ लागत असल्यामुळे या पक्ष्याला तीन वर्षांत फार तर दोनच पिल्ले वाढवता येतात. समुद्रातून परतलेला पेंग्विन मान उंचावून तुतारी फुंकल्यासारखा ओरडतो आणि त्या कोलाहलात त्याचे नेमके पिल्लू उत्तर देते. मी अर्धा तास एकाच जोडीकडे पाहत राहिलो.

प्राण्यांपासून किमान पाच मीटर दूर राहायचे, खाली बसायचे नाही, पिशवीही टेकवायची नाही, असे नियम होते. बर्ड फ्लू २०२३ मध्ये या बेटापर्यंत पोहोचला आणि एलिफंट सीलनाही त्याची लागण झाली, तेव्हापासून ही सक्ती अधिक आहे. पेंग्विनना अर्थातच हा नियम ठाऊक नव्हता. एकाने माझ्या बुटाच्या नाडीची पाहणी केली, आणि मी शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा हात न हलवता उभा राहिलो.

ग्रिटविकेनला गंजलेल्या तेलाच्या टाक्या, १९१३ मधले लाकडी चर्च आणि अंटार्क्टिकाच्या मोहिमा करणारे अर्नेस्ट शॅकल्टन यांची कबर पाहायला बहुतेक सहप्रवासी गेले. मीही गेलो, पण माझे लक्ष गवताकडे होते. साउथ जॉर्जिया पिपिट हा चिमणीएवढा पक्षी फक्त याच बेटावर सापडतो. बेटावर घरटे करणारा तो एकमेव गाणारा पक्षी आहे, आणि उंदरांच्या काळात तो उंदीर न पोहोचलेल्या जागांपुरताच उरला होता. कबरस्तानाच्या कुंपणापलीकडून एक बारीक, चढत जाणारी शीळ आली. मार्गदर्शिकेने बोट ओठांवर ठेवले. तपकिरी रेघांचा तो पक्षी गवतातून वर उठला, हवेत गात राहिला आणि कारखान्याच्या मोडक्या भिंतीमागे उतरला.

जहाजावर परतल्यावर आम्ही रांगेत उभे राहून जंतुनाशकाच्या टबात पुन्हा बूट घासले. या वेळी तळव्याच्या खाचेतला चिखल मी सांगण्याआधीच काढून ठेवला होता. तिने विजेरी फिरवून पाहिली आणि मला पुढे जाऊ दिले.