डावं म्हणजे कुणाचं डावं?

गणपतीच्या आदल्या रविवारी शेडचं कुलूप काही केल्या उघडेना, शेवटी ग्राइंडरनं कापलं. आत गाडी होती तशीच, चार लाकडी ठोकळ्यांवर. बोनेटवर पुराच्या पाण्याची रेघ, मागच्या काचेत कोळिष्टकं आणि भिंतीकडेला रांगेत मांडलेले एकतीस डबे.

गाडी १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट. गल्लीत सगळे तिला पद्मिनीच म्हणतात आणि मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. पण एकदा इथं लिहून ठेवतो. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाट ११०० डिलाइटला १९७२ पासून दोनेक वर्षं 'प्रेसिडेंट' म्हणायचे, १९७४ मध्ये तिची पद्मिनी झाली. अंग तेच, इंजिनही तेच १०८९ सीसीचं. मिरजेच्या एका डॉक्टरांच्या वाड्यातून २०११ मध्ये मी ती अठरा हजाराला उचलली, तेव्हा ती चालत होती. हे वाक्य लिहायला जड जातं, पण चालत होती. मिरजेहून सांगलीपर्यंत मी ती चालवत आणली आणि सहा महिन्यांत उभी खोलून टाकली.

विचारणाऱ्यांना इतकी वर्षं मी पुराचं कारण सांगत आलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. गावभागातल्या आमच्या शेडमध्ये पाणी गाडीच्या स्टिअरिंगला लागलं होतं. एवढं सांगितलं की समोरचा हळहळतो आणि विषय संपतो. खरं म्हणजे पूर आला तेव्हा गाडीला हात लावून पाच वर्षं झाली होती. पैसेही नव्हते असं नाही. मला जेवढं कळत होतं त्याच्यापेक्षा जास्त मी खोलून ठेवलं होतं, आणि कुठून जोडायला सुरुवात करावी हे समजेना, म्हणून दार ओढून घेतलं. गणिताचा मास्तर आहे मी. पोरांना सांगतो, पायऱ्या लिहा, नुसतं उत्तर नको. स्वतःच्या पायऱ्या मात्र दुधाच्या पावडरीच्या डब्यांवर लिहिल्या.

ते डबे मुलाचे. तो तेव्हा वर्षाचा होता, महिन्याला दोन डबे रिकामे व्हायचे. प्रत्येकात नट, बोल्ट, वायसर, क्लिपा, आणि झाकणावर मार्करनं नाव. पुरात अर्ध्या डब्यांवरचं धुऊन गेलं. राहिलेल्यांवर माझ्याच अक्षरात काय होतं बघा: 'दाराचं, आतलं', 'डावं', 'हे नंतर लागेल', आणि एकावर फक्त 'महत्त्वाचं'. त्या महत्त्वाच्या डब्यात तीन स्क्रू आणि एक वाळलेली पाल निघाली.

मुलगा आता पंधराचा आहे. बॅटरी धरायला म्हणून आला होता. 'डावं' लिहिलेला डबा हातात घेऊन म्हणाला, "बाबा, डावं म्हणजे कुणाचं डावं? गाडीत बसलेल्याचं की समोर उभा राहिलेल्याचं?"

मला उत्तर देता आलं नाही.

डब्यात काच वर-खाली करायचं मशीन होतं. डाव्या-उजव्या दाराची मशीनं आरशातल्यासारखी उलटी असतात. गाळ धुतला, रॉकेलमध्ये रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी डाव्या दारात घालून पाहिलं. भोकं जुळेनात. उजव्या दारात मुकाट बसलं. म्हणजे २०११ सालचा मी बोनेटसमोर उभा राहून लिहीत होतो. चला, किल्ली सापडली म्हणून तिकोनी काचेचा डबा उघडला. त्यावरही 'डावं'. हिशेबानं उजवीकडे लावायला गेलो, तर ती खरोखरच डावीकडची. ती बहुधा सीटवर बसून काढली असणार. मुलगा इतका हसला की बॅटरी खाली पडली.

तेव्हापासून शेडच्या भिंतीवर खडूनं एक नियम लिहिलाय: उघडलेलं एक बसल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आणि डावं म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर बसून डावं. एवढंच.

आमच्या मिस्त्रींना बोलावलं. वयानं सत्तरीच्या पुढे, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. उमेदीची बारा वर्षं मुंबईत काळी-पिवळीची कामं केलेले. दारातूनच म्हणाले, "काय मास्तर, अजून जित्ती हाय व्हय ही?" मग वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. दोन्ही पुढच्या सीटांच्या मधोमध तळाच्या पत्र्याला वीतभर भोक आहे. ते मी पाडून घेतलेलं. स्टिअरिंगजवळचा हाताचा गिअर मला तेव्हा म्हातारा वाटायचा. एका गॅरेजवाल्यानं खालचा गिअर बसवून देतो म्हटलं, मीही मान डोलावली. भोक पडलं, गिअर कधी आलाच नाही. आता २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांपुढची गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, नवी नोंदणी असेल तर नंबरप्लेटवर व्हीए अशी अक्षरं येतात, वीस हजार भरायचे. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. ठोकळ्यांवर बसल्या बसल्याच माझी गाडी पन्नाशी ओलांडून गेली, आणि मूळ रूपाला मी भोक पाडून ठेवलेलं. पत्रा जोडायला गॅस वेल्डिंगवाला येऊन माप घेऊन गेलाय.

इंजिनाबाबतीत मात्र माझ्याकडून एक शहाणपण झालं होतं. पूर ओसरल्यावर चाचांनीच फोनवर सांगितल्याप्रमाणे मी ऑइल काढलं होतं. आधी स्वच्छ पाणी आलं, मग दुधाळ चहासारखं काहीतरी घट्ट. ते सगळं गळू दिलं आणि प्लगच्या भोकांतून वरपर्यंत डिझेल ओतून ठेवलं. त्या डिझेलनंच सहा वर्षं इंजिन राखलं म्हणायचं. परवा इंजिन फिरतं का बघायला पुलीच्या नटाला पाना, पान्याला तीन फुटी पाईप, असं करून आम्ही दोघं लोंबकळलो. काही नाही. चाचा म्हणाले, "जोर नगं. पुढं-मागं, पुढं-मागं. दाताला जीभ लावतो तसं." पाऊण तासानं कुठं कच्च् झालं आणि पाईप चार बोटं सरकला. मग वीतभर. संध्याकाळपर्यंत पूर्ण फेरा.

प्लगच्या भोकांवर अंगठा ठेवून एकेका सिलिंडरचा दाब बघितला. पहिल्यानं अंगठा उडवला, दुसऱ्यानं आणि चौथ्यानंही. तिसरा नुसताच सुस्कारला. टॅपेट कव्हर काढून चाचांनी बोट ठेवून दाखवलं: तिसऱ्याचा एक व्हॉल्व्ह खाली जातो आणि वर यायचं विसरतो. गंजून गाइडमध्ये, म्हणजे त्याच्या नळीत, धरलाय. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायला लागणार.

हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू. नट समोर, पाना हातात. पण भिंतीवर खडू आहे आणि मुलगा भिंतीकडेच बघत होता. तिकोनी काच अजून बसलेली नाही. तिचं रबरी बीडिंग हातात धरल्यावर बिस्किटासारखं तुटलं. ते बसेपर्यंत हेड बंद.

सामानाचं म्हणाल, तर चाचांच्या मते खरी पंचाईत पुढे आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होती म्हणून दुकानदार ब्रेकची किटं, प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डेल्कोची टोपी, पुढच्या चाकांच्या किंगपिनचे बुश ठेवायचे. आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी कोण माल भरून ठेवणार? शिवाय पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा पडदा त्याच्यापुढे टिकत नाहीत, म्हणजे गाडी सुरू व्हायच्या आधीच तो खर्च.

बायकोनं एवढंच विचारलं, "डबे रिकामे झाले की मला देणार का? डाळी ठेवीन." पालीच्या डब्याचं मी तिला सांगितलेलं नाही.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. शनिवारी रात्रीच्या एसटीनं निघून येत्या रविवारी उजाडता उजाडता तिथं उभं राहायचं ठरलंय. बीडिंगचा तुकडा नमुना म्हणून एका डब्यात ठेवलाय. झाकणावर मुलानं लिहिलंय: 'तिकोनी काच, डावी, सीटवर बसून.'