मुलाखतीसाठी माईक: आधी खोली ऐका

मुलाखत शूट करायची आहे, कोणता माईक घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी खोलीची चौकशी करते. भिंती उघड्या आहेत की पडदे आहेत? पंखा बंद ठेवता येईल का? फ्रीज कुठे आहे? समोरच्याला मॉडेलचं नाव हवं असतं, पण या उत्तरांशिवाय नाव सांगण्यात अर्थ नाही.

सगळा खेळ अंतराचा आहे. माईक तोंडापासून दुप्पट लांब नेला की थेट येणारा आवाज साधारण 6 डेसिबलने पडतो. खोलीतला घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे कॅमेऱ्यावर बसवलेला भारी शॉटगन (लांब नळीचा, मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा माईक) दोन मीटरवरून जे टिपतो, त्यापेक्षा हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावलेला साधा कॉलर माईक कितीतरी स्वच्छ देतो.

शॉटगनबद्दल फार गैरसमज आहे. तो लांबचा आवाज ओढून आणत नाही. त्याच्या नळीला बाजूने फटी असतात. तिरपे आलेले आवाज त्या फटींतून थोड्या थोड्या फरकाने आत पोचतात आणि एकमेकांना मारतात. हेही मुख्यतः वरच्या फ्रीक्वेन्सींपुरतं. लहान खोलीत तोच आवाज भिंती-छतावरून आपटून सगळीकडून येतो आणि बोलणं पोकळ वाटायला लागतं. म्हणून आत मी सुपरकार्डिऑइड वापरते, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा, बाजूचं बरंच कमी घेणारा माईक; माईक कोणत्या दिशेने किती ऐकतो, त्याला पॅटर्न म्हणतात. शोप्सची एमके 41 कॅप्सूल (माईकचा आवाज टिपणारा पुढचा भाग) किंवा सेनहायझरचा एमकेएच 50 ही या कामातली मुरलेली नावं. परवडत नसतील तर त्याच पॅटर्नचा स्वस्त माईक घ्या, पण पॅटर्न बदलू नका. उघड्यावर मात्र शॉटगनच. सेनहायझरचा 416 दमट हवेत इतका भरवशाचा का, तर तो आरएफ कंडेन्सर आहे, म्हणजे आतलं सर्किट उच्च फ्रीक्वेन्सीच्या सिग्नलवर चालतं आणि ओलाव्याने सहसा खरखरत नाही.

माझी नेहमीची मांडणी अशी: बूम स्टँडवर (आडव्या लांब दांडीच्या स्टँडवर) माईक, फ्रेमच्या अगदी वरच्या कडेला, तोंडाच्या किंचित पुढे, छातीकडे रोखलेला. दुसऱ्या ट्रॅकवर कॉलर माईक. माणूस रंगात येऊन मागे रेलला तर कॉलर माईक सांभाळून घेतो. कपडा घासला तर बूम.

कॉलर माईक लावण्यात घाई करू नये. कडक किंवा रेशमी कपडा कुरकुरतो, गळ्यातली साखळी टकटक वाजते. मी कापडी टेपच्या चिकट बाजू बाहेर राहतील अशा दोन छोट्या त्रिकोणी घड्या करते आणि त्यांच्यामध्ये माईक धरून कपड्याच्या आत चिकटवते. त्याखाली वायरचा एक सैल वेढा टेपने बसवते, म्हणजे वायरला बसलेला हिसका माईकपर्यंत जात नाही. मग त्यांना मान वळवायला, हात हलवायला सांगते आणि हेडफोनवर ऐकते.

रेकॉर्डरला 48 व्होल्ट फँटम पॉवर (केबलमधूनच माईकला मिळणारी वीज) आणि एक्सएलआर इनपुट (व्यावसायिक माईकची तीन पिनांची जोडणी) हवेच. रेकॉर्डिंगची सेटिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्‌झ पुरेशी आहे. झूम एफ3सारख्या रेकॉर्डरमधल्या 32 बिट फ्लोटमुळे (अगदी हळू ते अगदी मोठा आवाज सामावणाऱ्या रेकॉर्डिंग पद्धतीमुळे) कुणी अचानक खळखळून हसलं तरी लेव्हल फाटत नाही, एकट्याने शूट करणाऱ्याला हा मोठा आधार आहे. पण त्याने घुमारा जात नाही आणि माईकच फाटला तर तोही सुधारत नाही. कॅमेऱ्यावरचं ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंदच ठेवा. बोलणारा विचार करायला थांबला की ते खोलीतली घरघर वर उचलून धरतं, आणि मुलाखतीत ते थांबणंच मोलाचं असतं.

पैसे कमी असतील तर वायरलेस आधी यादीतून काढा. बसल्या जागी होणाऱ्या मुलाखतीला वायर पुरते. 2.4 गिगाहर्ट्‌झवाले सेट वायफायच्या गर्दीत अडखळू शकतात. घ्यायचेच असतील तर ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होणारे घ्या. वाचलेल्या पैशांत कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे हेडफोन आणि दोन-तीन जाड रजया येतील. रजया बोलणाऱ्याच्या समोर, कॅमेऱ्यामागे टांगा. आवाज पहिला आपटतो तो तिथेच.